खरमोर पाहिला, पण सोनचिडिया कुठे गेली?

नारायणबाग (इंदूर)

मंडळी, पावसाळ्यात सराफ्यातली भुट्ट्याची कीस सोडून दुसऱ्या कशासाठी मी घराबाहेर पडत नाही हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. गेल्या रविवारी मात्र पहाटे साडेचारला निघालो. धारला एक कट चहा घेतला आणि पुढे सरदारपूर. कारण एकच, खरमोर. महाराष्ट्रात याला तणमोर म्हणतात. आमच्याकडे माळव्यात खरमोरच.

गवत मांडीपर्यंत वाढलेलं, रात्रीच्या पावसानं ओलं. अर्धा तास काहीच नाही. मग डबक्यातल्या बेडकानं घसा खरवडावा तसा 'टर्रर्र' आवाज आला आणि त्याच क्षणी गवतातून एक काळं-पांढरं गाठोडं सरळ वर उडालं. जमिनीपासून दीड-दोन मीटर. हवेत क्षणभर पंखांची फडफड, आणि परत गवतात. पाण्यात दगड पडावा तसा गायब. मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत खेळ संपला होता. पण दोन मिनिटांनी पुन्हा तीच जागा, पुन्हा तीच उडी. पंधरा मिनिटांत अकरा उड्या मोजल्या. पाचव्या-सहाव्या उडीला डोक्यामागे फिती बांधल्यासारखी लांब पिसं दिसली, टोकाला जरा रुंद. नवरदेवाच्या मुंडावळ्या मागच्या बाजूला बांधाव्यात तशी.

घरी येऊन नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, हीच का सोनचिडिया? आमच्या पुस्तकात आहे." म्हटलं नाही गं, सोनचिडिया म्हणजे माळढोक, याचा थोरला भाऊबंद. मग तिनं मोबाइलवर शोधलं तर दोघेही 'अतिसंकटग्रस्त' यादीत. तिचा प्रश्न असा: दोघे एकाच घरातले, दोघेही मरणपंथाला लागलेले, मग एक माझ्या आबांना दीड-दोन तासांच्या ड्राइव्हवर दिसतो आणि दुसरी अख्ख्या मध्य प्रदेशात का नाही?

मला नीट उत्तर देता आलं नाही. ग्वाल्हेरकर, जागे असाल तर बोला.

पोहे_जीरावन (इंदूर)

काका, एकटे गेलात? भिया, आम्हाला सांगायचं ना!

बाकी सोनचिडिया आपला राज्यपक्षी आहे ना? मग असा कसा संपला?

नारायणबाग (इंदूर)

नाही रे बाबा. मध्य प्रदेशचा राज्यपक्षी दूधराज, तो लांब पांढऱ्या शेपटीचा. माळढोक राजस्थानचा. तिकडे त्याला गोडावण म्हणतात.

लष्करी_बाणा (ग्वाल्हेर)

जागाच आहे. आणि हा विषय आमच्या घरातला आहे.

वडील सिंचन खात्यात होते. त्यांची जीप घाटीगावच्या पठारावर फिरायची. लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य अजून आठवतं: "लांबून वाटलं कुणीतरी उंटाचं पिल्लू मोकळं सोडलंय, मग त्यानं पंख उघडले." जवळजवळ मीटरभर उंच पक्षी, नर चौदा-पंधरा किलोपर्यंत जाणारा. एवढं वजन घेऊन उडणारे पक्षी जगात मोजकेच.

घाटीगावचं सोनचिडिया अभयारण्य १९८१ चं, ५१२ चौरस किलोमीटर. शिवपुरी जिल्ह्यातलं करेराही त्याच वर्षीचं, २०२ चौरस किलोमीटर. आज दोन्हीकडे सोनचिडिया नाही. करेरातून तर ती १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच गेली. घाटीगाव आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे, म्हणजे काका, तुमच्या पलासियावरून जातो तोच एबी रोड. त्याच रस्त्यावरून मी दर महिन्याला शिवपुरीला जातो. दोन्ही बाजूंना फर्शीच्या दगडाच्या खाणी, ट्रक, ढाबे. आता रस्त्यावर कुणी पक्ष्याबद्दल विचारलं तर लोक हसतात.

करेराचं थोडं विस्तारानं सांगतो, कारण शिकण्यासारखं तिथंच आहे. ते जंगल नव्हतंच. गावं, शेतं, माळ, बहुतेक खाजगी आणि महसुली जमीन. अभयारण्य झालं आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. मुलीचं लग्न असो की सावकाराचं कर्ज, जमीन विकता येईना. वर संरक्षणामुळे काळवीट इतके वाढले की रात्रीतून हरभरा साफ. शेतकऱ्याच्या लेखी या सगळ्याला कारण कोण? सोनचिडिया. पहिली काही वर्षं गावात तिचं कौतुक होतं. नंतर तिचं नाव काढलं की शिव्या यायच्या. पक्षी गेल्यावरही बंदी तशीच राहिली, आणि अभयारण्य रद्द करा ही मागणी वर्षानुवर्षं चालत राहिली.

माळरान

मी या विषयाची विद्यार्थिनी आहे, म्हणून जरा लांबण लावते. कंटाळा आला तर सोडून द्या.

दोघेही माळढोक कुळातले. भारतात या कुळाचे चार पक्षी: माळढोक, तणमोर, तराई आणि आसामकडचा बंगाली तणमोर, आणि हिवाळ्यात राजस्थान-कच्छकडे येणारा हुबारा. चौघांच्याही पायाला मागचं बोट नसतं, त्यामुळे फांदी पकडून बसता येत नाही. झाडावर रात्र काढणं नाही, घरटं नाही. खाणं, झोपणं, अंडी घालणं, सगळं जमिनीवर. म्हणजे माळ गेला की यांना दुसरं घर नाही. पोपट, मैना शहरात जुळवून घेतात तसं यांना शक्यच नाही.

इथवर दोघे सारखे. पुढे मात्र दोघांचे संसार अगदी निराळे.

माळढोकाची मादी एका खेपेला एकच अंडं घालते. कोल्ह्यानं, कुत्र्यानं, कावळ्यानं नेलं की तो हंगाम बहुतेक वाया. वयात यायलाही तीन-चार वर्षं लागतात. तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते, आणि तीही नेमकी पावसात, जेव्हा गवत उंच आणि नाकतोडे भरपूर. म्हणून एखादं वाईट वर्ष तणमोर भरून काढू शकतो. माळढोकाला तेवढा अवधीच नसतो.

आणखी एक गंमत. माळढोकात नर मादीच्या दुपटीहून जड. तणमोरात उलटं, मादी मोठी आणि नर हलका, जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास. उड्या मारून मादीला बोलवायचं तर अंगात वजन नको, हे उघडच आहे. माळढोकाचा नर उड्या मारत नाही. तो एखाद्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमल्यासारखा आवाज काढतो, तो लांबवर जातो. इंग्रजांच्या काळात शिकारी तणमोराच्या नराला नेमकं उडी मारतानाच टिपायचे. बिचाऱ्याचं लग्नाचं आमंत्रण हेच त्याचं मरण.

पोहे_जीरावन (इंदूर)

ताई, लांबण चालू द्या. पण मग तणमोराला अडचण काय आहे? अंडी जास्त, आकार लहान, इथं पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरता मुक्काम. बरा चालायला हवा ना संसार.

माळरान

बरा चालत नाहीये. १९९९ मध्ये अंदाज साडेतीन हजारांच्या आसपास होता. २०१७ च्या देशव्यापी पाहणीत नरांचा अंदाज अडीचशेच्या घरात आला. मादी गवतात दिसतच नाही, म्हणून मोजणी उडी मारणाऱ्या नरांची करतात. २०२१ मध्ये त्याला 'संकटग्रस्त'मधून 'अतिसंकटग्रस्त'मध्ये टाकलं. माळढोक त्या यादीत २०११ पासूनच आहे आणि आज जगात दीडशेच्या आतबाहेर उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरकडे.

तणमोराची अडचण वेळेची आहे. त्याला जुलै ते सप्टेंबर न कापलेलं, न चारलेलं गवत हवं. फक्त तेवढे तीन महिने. त्यानंतर तो दख्खनकडे निघून जातो. नेमके तेच तीन महिने शेतकऱ्याच्या खरिपाचे.

अवंतिका (धार)

नारायणबाग काका, तुम्ही गेलात त्या भागाजवळच माझं सासर. म्हणून चार गोष्टी सांगते.

माळव्यात 'बीड' म्हणतात ते गवताचं राखीव रान. पूर्वी संस्थानांची आणि गावांची बीडं असायची. रतलामकडच्या सैलान्याचं रानही, जिथं आज खरमोराचं अभयारण्य आहे, तसंच संस्थानाच्या ताब्यातलं. दिवाळीच्या आसपास गवत सुकलं की कापणी व्हायची आणि गुरांसाठी गंज्या लावायच्या. पावसाळ्यात तिथं गुरं सोडायची नाहीत हा नियम गुरांच्या भल्यासाठीच होता. त्यात खरमोराची पिल्लं आपोआप वाढून जायची. कुणी मुद्दाम पक्षी वाचवत नव्हतं.

मग सोयाबीन आलं. आजेसासऱ्यांच्या काळात ज्वारी, कापूस, भुईमूग होता, आता खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. गुरं कमी झाली, बाजारातून भुसा येतो, मग बीड ठेवून काय करायचं? नांगरलं. आणि सोयाबीनवर अळीसाठी फवारणी असते. ज्या अळ्या आणि नाकतोडे खाऊन खरमोर पोसायचा, त्याच मारायला आपण पंप पाठीवर घेतो.

ग्वाल्हेरच्या दादांनी जे करेराचं लिहिलं ना, तसंच आमच्याकडे आहे. सरदारपूरचं अभयारण्य झालं तेव्हा ३४८ चौरस किलोमीटर, त्यात कितीतरी गावं. खरेदी-विक्रीची अडचण आम्हीही भोगली. माझ्या नणंदेच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी दोन बिघे विकायचं ठरवलं होतं. कागद सहा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. शेवटी सोनं गहाण ठेवलं. तेव्हा सासूबाई खरमोराला काय काय म्हणाल्या ते इथं लिहिता येणार नाही.

दुसरी बाजूही सांगते. शेतात घरटं असल्याची खबर दिली आणि ते राखलं तर वन विभाग शेतकऱ्याला बक्षीस देतो. आमच्या शेजारच्यांना मिळालं. रक्कम काही डोळे दिपवणारी नाही, पण त्या वर्षी त्यांनी त्या कोपऱ्यात कोळपणीचा डोरा चालवला नाही, फवारलंही नाही. पूर्वी ते "खरमोर आला, आता जमीन गेली" म्हणायचे. आता मुलगा फोटो दाखवतो.

लष्करी_बाणा (ग्वाल्हेर)

अवंतिका ताई, सोनं गहाणाचं वाचून वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "करेरात हे बक्षीस पन्नास वर्षांपूर्वी दिलं असतं तर."

मी म्हटलं तेव्हा अभयारण्यच नव्हतं. म्हणाले, "म्हणूनच."

सोलापुरी_चादर (सोलापूर)

आमच्याकडचंही ऐका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. मूळ क्षेत्र किती, माहितीये? ८,४९६ चौरस किलोमीटर! म्हणजे गावंच्या गावं, घरं, बाजार, सगळं कागदावर माळढोकाचं. घराला मजला चढवायचा तरी लोक माळढोकाच्या नावानं बोटं मोडायचे. पुढे ते कमी करून १,२२२ वर आणलं. तोवर 'माळढोक' हा शब्द आमच्याकडे चेष्टेचा झाला होता. आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

म्हणून मला वाटतं, रागाचं कारण पक्षी नाही, नकाशा आहे. कुणीतरी टेबलावर बसून मोठं वर्तुळ काढतं.

माळरान

सोलापूरकर, वर्तुळाच्या बाबतीत थोडी असहमत. माळढोकाला मोठा प्रदेश खरंच लागतो. तो एका कुरणात बसून राहत नाही, दिवसाला कितीतरी किलोमीटर फिरतो. तेरा चौरस किलोमीटरचं सैलाना खरमोराला पावसाळ्यापुरतं पुरतं. माळढोकाला नाही. चूक वर्तुळ मोठं काढण्यात नव्हती. त्या अख्ख्या वर्तुळात एकच कडक नियम लावण्यात होती.

आणि मोठा प्रदेश लागतो म्हणूनच त्याला विजेच्या तारा जास्त भोवतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला आहेत. आजूबाजूचं छान दिसतं, पण समोरचं अगदी अपुरं, आणि खाली बघत उडताना तर समोर आंधळा पट्टाच. त्यात चौदा किलोचं अंग. तार दिसली तरी वळायला वेळ नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरच्या वाळवंटात दर वर्षी अठरा माळढोक तारांना आपटून मरतात. दीडशेतून अठरा, आणि मादी घालते एक अंडं. हिशेब तुम्हीच करा. सौर आणि पवनऊर्जेच्या तारा तिथं वाढत चालल्यात. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या असं सांगितलं, मग मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली.

दांडियाबाजार (वडोदरा)

गुजरातचं मी सांगतो. कच्छच्या नलिया भागात घोराड उरलेत, घोराड म्हणजे आमच्याकडचा माळढोक. पण ऐकाल तर धक्का बसेल, उरल्यात त्या फक्त माद्या. नर नाहीच. माद्या अंडी घालतात, ती फलित होत नाहीत. बडोद्यात हे सांगितलं की लोक म्हणतात, "तो राजस्थाननो नर लावी दो ने!" इतकं सोपं असतं तर.

खडमोर म्हणजे तुमचा खरमोर. वेळावदरला, भावनगरकडे, काळविटांच्या राष्ट्रीय उद्यानात मी दोनदा पाहिलाय. तिथलं गवत सरकारच राखतं, त्यामुळे तिथं त्याला शांतता आहे. पण एक वर्ष पाऊस कमी झाला तर एकही दिसला नाही. गाइड म्हणाला, "साहेब, जिथं पाऊस, तिथं हा." म्हणजे एकच कुरण वाचवून भागत नाही. माळवा कोरडा गेला तर त्यानं जायचं कुठं? अजमेरकडे, आमच्याकडे, वाशीम-अकोल्याकडे. सगळीकडे थोडं थोडं गवत लागेल.

पोहे_जीरावन (इंदूर)

मग माळावर झाडं लावली तर? म्हणजे पाऊस वाढेल, हिरवळ वाढेल...

माळरान

अरे देवा. हात जोडते.

माळावर झाडं लावणं म्हणजे तणमोराच्या घरात भिंती बांधणं. कोल्हा-कुत्र्यांना आडोसा, कावळ्यांना टेहळणीचा बुरूज. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक', म्हणून दर पावसाळ्यात कुणीतरी खड्डे खणून रोपं लावतं, फोटो काढतं. शाळेची मुलं आनंदानं रोपं लावताना पाहिली की मला रडू येतं, आणि मुलांना सांगणार तरी काय?

पोहे_जीरावन (इंदूर)

शाळेत असताना मीही लावली आहेत. आता कळलं. सॉरी, खरमोर भिया.

अवंतिका (धार)

काका, एक विचारायचं राहिलं. तुम्ही गेलात त्या दिवशी तिकडे गाड्यांची गर्दी होती का? गावातून कळलं की काही लोक गवतात शिरले होते.

नारायणबाग (इंदूर)

होते. हेच लिहायला मी कचरत होतो.

तीन जण, हातभर लांब लेन्सा. उड्या दिसताहेत म्हटल्यावर गाडीतून उतरून थेट गवतात. वनरक्षक "साहब, अंदर नहीं" म्हणत धावला, तोवर एका बाजूनं मातकट रंगाची मादी उठली, खाली खाली उडत शेजारच्या सोयाबीनमध्ये शिरली. आणि नर गप्प. पुढचा तासभर एकही उडी नाही. तिचं घरटं तिथं होतं का, कोण जाणे.

खोटं कशाला बोलू, त्यांच्या मागे दोन पावलं मीही टाकली होती. गवताचं ओलं पातं पायजम्याला लागलं तेव्हा भानावर आलो. वनरक्षक माझ्याकडे बघून काही बोलला नाही, पांढऱ्या केसांची लाज राखली असेल.

नातीला मात्र आता उत्तर देता येईल. तिला म्हणेन, सोनचिडियाला खूप मोठं अंगण लागतं आणि तिला पोर एकच. खरमोराला छोटं अंगण पुरतं, पण तीन महिने त्यात कुणी पाय ठेवायचा नाही. तुझ्या आबानं ठेवला. आठ वर्षांची पोर ऐकून काय म्हणेल ते इथं कळवीन.

सोलापुरी_चादर (सोलापूर)

काका, मोठ्या मनानं लिहिलंत. आमच्याकडे असले लोक "आम्ही तर रस्त्यावरूनच काढला" म्हणतात.

माळरान ताई, माळढोकाचं पुढे काय? पिंजऱ्यात वाढवतात ना आता?

माळरान

हो. २०१९ पासून जैसलमेरजवळ सम या गावच्या केंद्रात माळावरची अंडी उचलून उबवतात. रामदेवराला दुसरं केंद्र आहे. आता तिथं पन्नासहून जास्त पक्षी आहेत, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. कौतुकाचंच आहे. पण तिथली पिल्लं उद्या सोडायची म्हटलं तर करेरात सोडणार? घाटीगावला? तारा तशाच, खाणी तशाच, आणि गावाच्या मनातला राग तसाच. खरमोराला मात्र अजून पिंजऱ्याची वेळ आलेली नाही, असं मी तरी मानते. अवंतिका ताईंच्या शेजाऱ्यांसारखा शेताचा एक कोपरा सोडणारी माणसं मिळाली तर.

लष्करी_बाणा (ग्वाल्हेर)

काका, एक विनंती. वडील ८१ वर्षांचे आहेत. काल रात्री हा धागा वाचून दाखवला तेव्हापासून "सोनचिडियाचा धाकटा भाऊ बघायचाय" म्हणून मागे लागलेत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंदूरला चुलत बहिणीकडे येतोय. गुडघे दुखतात, उतरून चालणं जमणार नाही. गाडीत बसून दिसेल का?

नारायणबाग (इंदूर)

गाडीतूनच बघायचा, उतरायचं कुणीच नाही. काच खाली, इंजिन बंद, डावीकडची खिडकी वडिलांना. रात्री पाऊस पडून सकाळी उघडलं असेल तर उत्तम. नऊ वाजायच्या आत तिथून निघायचं, नंतर ऊन चढलं की तोही गप्प होतो आणि आपणही. दुर्बीण माझी आहे, जड आहे, पण दारावर टेकवता येते. वनरक्षकाला मी आधी फोन करून ठेवतो, त्याची माफीही मागायची आहे.

अवंतिका, तुझ्या सासरी जाता येता चहा मिळेल का?

अवंतिका (धार)

चहा कशाला, दाल-बाफले करते. सासूबाईंना फक्त खरमोर हा शब्द काढू नका.